जायरो काढून उडवलेलं विमान

विपुल,

तू ऑफिसातून येशील तेव्हा मी खाली बाकावर असेन. बोलवायला येऊ नकोस.

बाल्कनीतल्या खोक्यात माझं रिमोटचं विमान आहे. उजवा पंख मुळापासून मोडलाय. तू बसवलेली नवीन मोटर शाबूत आहे. बॅटरी फुगलीये, वाळूच्या बादलीत ठेवलीये. ती चार्जिंगला लावू नकोस.

मोटर बदललीस तेव्हा विमान आपोआप सरळ ठेवणारा जायरोही गुपचूप आत चिकटवलास, हे काल पोट उघडल्यावर कळलं. सहा महिने मी अख्ख्या सोसायटीला सांगत फिरलो, हात थरथरत नाही आता, बघा कसं सरळ जातं! एकदा तरी सांगायचंस ना रे.

आज सकाळी मिठागराकडे गेलो आणि जायरो काढून उडवलं. पहिल्याच वळणाला पडलं.

उद्याची डॉक्टरांची वेळ रद्द करू नकोस, मी येतो. नमिताला सांग, यापुढे मला चहा अर्धा कपच देत जा म्हणावं.

आधी विमान पडलं की तू म्हणायचास, "अण्णा, वारा होता."

आज वारा नव्हता.

अण्णा