अंगणातला नवा नळ

प्रभुदादा,

अंगणातला नळ मी बदललाय. मी एकटीनं! टेफलॉन टेप गुंडाळून लई घट्ट आवळलाय, बघ की. चार दिवसांनी पाणी येईल तेव्हा टाकी भरून घे.

काल तू ओरडलास, "नळ कुणी उघडा ठेवला? सगळं पाणी गटारात गेलं!" आई म्हणाली, "मी." खोटं बोलली ती. पाणी आलं की आवाज यावा म्हणून मीच उघडा ठेवला आणि क्लासला निघून गेले. तू पान्याचे दोन घाव नळावर घातलेस, तिसरा आईच्या मनगटावर. हाड मोडलेलं मला ऐकू आलं, दादा.

दवाखान्यात आई म्हणाली, "घसरून पडले." मी डॉक्टरांना खरं ते सांगितलं, तुझ्या नावासकट.

आम्ही होटगीला मामाकडं चाललोय. पाना शेजारच्या कमलम्मा मावशींकडं दिलाय, त्या तुला देणार नाहीत. परत यायचं की नाही ते आई ठरवेल. तू तिकडं आलास तर दार मी उघडणार. काल क्लासहून येऊन मी दाराआड गप्प उभी राहिले होते. आता नाही राहणार.

शिवलीला