तिघांचा चारा

४ नोव्हेंबर, मंगळवार

आतून पांढरी! वरून सोन्यासारखं गवत आणि पेंढी सोडली की आत बुरशी. चारावाल्याला फोन केला. म्हणे, "स्वस्तातलं द्या असं तुम्हीच म्हणालात ना ताई?" म्हणाले होते. फोन ठेवला.

दिवसभर तबेल्याच्या पायरीवर पेंढ्या सोडत बसले. वाईटाचा ढीग कमरेएवढा, चांगल्याचा गुडघ्याएवढा. सासरे आले, एक मूठ उचलून हुंगली. "टाक सगळं. घोड्याची छाती बिघडली की बिघडली." आणि गेले खरारा करायला. टाक म्हणायला काय जातं!

६ नोव्हेंबर, गुरुवार

तांबडा खोकतोय. आता उरलेलं गवत भिजवून देते. हात गारठतात.

तीन तोंडं. तांबडा कमावतो. शिकायला येणारी मुलं त्याच्याच पाठीवर बसतात. बुटकी वाऱ्यावर जगते आणि तरी गोल ती गोलच. आणि म्हातारी. ती सासऱ्यांची. मी या घरात आले तेव्हा ती आधीच होती, म्हणजे मानानं माझ्याहून मोठी. तिच्यावर कुणी बसत नाही. बरगड्या मोजता येतात. तिला सगळ्यांत जास्त घालते, तरी!

९ नोव्हेंबर, रविवार

ह्यांचा फोन. परगावी ट्रक चालवतात. तबेल्यावर तबेल्याचं पोट भरेना म्हणून गेले. सगळं सांगितलं: गवत, खोकला, म्हातारी. पलीकडे गाड्यांचा आवाज. मग, "मला इथून काय कळणार? तू ठरव."

तू ठरव, तू ठरव. शब्द गोड आहेत. ओझं माझं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. तांबड्याला औषध दिलं. मग म्हातारीच्या तोंडात कोपरापर्यंत हात. "दाढा उरल्याच नाहीत हिला. गवत चघळते आणि बोळे करून टाकते." खाली पाहिलं. खरंच, ओल्या गवताचे बोळे! रोज झाडून काढत होते मीच. मला वाटायचं, नखरे करते.

त्यांनी पायरीवर बसून नीट समजावलं. आधी गवत, पोटभर, दिवसभर थोडं थोडं. दाणा फक्त कामापुरता. मीठ, स्वच्छ पाणी. डब्यानं मोजू नका, वजन करा. काही बदलायचं तर हळूहळू. एवढं पाळलं की महागडी पोती लागत नाहीत. ऐकताना हायसं वाटलं. मग म्हणाल्या, "हे धडधाकट जनावराचं. म्हातारीला गवत बारीक कापून, भिजवून, वर भरड, कोंडा, तेल, तेही दिवसातून चार वेळा. ती एकटी दोघांचं खाईल."

निघताना गाडीपाशी थांबल्या. "तिघांना अर्धपोटी ठेवू नका. त्यात तिघंही जातील."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वजन केलं. कसंही मांडलं तरी दोघांचं भागतं, तिसरं उपाशी. ओढ्याकाठचं गवत कापून आणलं, बुटकीनं एका बैठकीत संपवलं. बेशरम!

रडले नाही. तेवढी ताकद नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

ठरवलं.

म्हातारी विकायला काढली तर कोण घेणार तिला? जो घेईल तो कशासाठी घेईल, ते मला माहीत आहे. त्यापेक्षा इथे, तिच्या ठाणात, डॉक्टरीणबाईंच्या हातची सुई. शुक्रवारी सकाळी येते म्हणाल्या.

ह्यांना फोनवर सांगितलं. "बाबांना सांगितलंस?"

"नाही."

"मग मीही सांगणार नाही."

बापलेकात मी मधे. नेहमीचंच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

भरडलेल्या जवाचं पोतं आणलं. चांगल्यातलं. वेडेपणा आहे, कळतंय! पण चार दिवस तरी तिनं पोटभर खावं. कोमट पाण्यात भिजवून, वर कोंडा. तोंड घातलं ते काढेचना. घमेलं चाटून लख्ख.

पोतं कोठीत, दाराला कडी. तांबडा आपल्या ठाणाचा अडसर ओठांनी सरकवतो आणि हिंडतो, नतद्रष्ट. कडी मात्र त्याला जमत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाबा खुशीत. "बघ, डोळ्यात तेज आलं तिच्या! मी म्हणत होतो ना, खाल्लं की उभी राहते. तुझ्या हाताला गुण आहे, पोरी." इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोरी म्हणाले. तिच्या मानेवर डोकं टेकून उभे राहिले. "अजून थोडं घाल ना तिला. मूठभर."

"नको बाबा, मापातच."

मी तोंड फिरवून पाणी भरायला गेले. बादली भरून वाहत होती, कळलंच नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज तरी सांगायला हवं होतं. तीनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. एकदा ते चष्मा लावून तिच्यासाठी जुन्या घोंगडीची झूल शिवत होते. मी परत फिरले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी तबेल्यात गेले तर तांबडा आडवा. घामानं निथळत होता, पोटाकडे वळून वळून बघत होता. कोठीचं दार सताड उघडं. पोतं फाडलेलं, अर्ध्याच्या वर रिकामं. कोरडा जव खाऊन वर हौदावर पाणी प्यायला. पोटात फुगला सगळा. घोड्याला ओकताही येत नाही.

ओढून उठवलं. फिरवलं, फिरवलं. अंगणात दोनदा बसला, दोनदा उठवला. बाबा दुसऱ्या बाजूनं लगाम धरून त्याच्याशी बोलत होते. तिसऱ्यांदा उठला नाही.

डॉक्टरीणबाई ठरल्या वेळेला आल्या. म्हातारीसाठी आल्या होत्या. त्याच्या पोटाला कान लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. सुई त्याला दिली.

जाताना हळूच विचारलं, "आणि ती?"

"राहू दे," म्हटलं.

कमावणारा गेला. आता चारा दोघींना पुरेल. असा पुरायला नको होता.

कडी मी लावली होती. लावली होती! हात आठवतोय कडीवरचा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कोठी झाडली. पोत्यामागे, सांडलेल्या जवात, बाबांचा चष्मा.

पुसला, नेऊन उशाशी ठेवला. अंगणात पडला होता म्हटलं. त्यांनी हातात घेतला, घातला नाही. मग विचारलं, "दार कुणी गं उघडं टाकलं?"

"मीच, बाबा."