आत पिवळे पीच असलेला केक

प्रिय वेनयिंगताई,

पाकिटावर माझं नाव पाहून तुमच्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधी हेच सांगते, की तुमची लेक निंगनिंग ठणठणीत आहे. ताप नाही, कुठे पडली-धडपडली नाही, शाळेतही सगळं ठीक. हाइफेंगशी लग्न करून मी या घरात आले त्याला दोन वर्षं होतील. एवढ्या काळात तुमची गाठ पडली ती एकदाच, मागच्या उन्हाळ्यात सुट्टी संपल्यावर तुम्ही तिला जिलिनला सोडायला आलात तेव्हा, स्टेशनवर. तुम्ही बॅग माझ्या हातात दिलीत, परतीच्या गाडीकडे वळलात आणि मी नुसती मान हलवत राहिले. फोनवर लिहायला बसले की लिहिते आणि पुसते, लिहिते आणि पुसते. म्हणून हा कागद. अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात तिला अकरावं लागलं, हे तुम्हाला मी काय सांगायचं! केक कुठला आणू, असं मी विचारलं तर म्हणाली, "दुकानातला नको. घरी केलेला. आत पिवळे पीच असतात ना, तो." आणि लगेच, "नसला तरी चालेल हं, मावशी." तो केक कोणाच्या हातचा ते मला न सांगता कळलं. ताई, मी चष्म्याच्या दुकानात काम करणारी बाई. भिंग किती घासायचं ते मला विचारा. केक मी जन्मात केला नव्हता. आमच्याकडे जे काही फुगतं ते वाफेवर. तुम्हाला फोन करून विचारावं असं मनात आलं, पण भीती वाटली. तुमच्यासारखा झाला तर तिला रडू येईल आणि नाही झाला तरी येईल, असं काहीतरी डोक्यात घोळत होतं.

शेजाऱ्यांकडून ओव्हन आणला. पहिला केक छान फुगला, बाहेर काढला आणि डोळ्यांदेखत खाली बसला. भांडं लगेच उपडं करून गार करायचं असतं, हे नंतर कळलं. सासूबाई चष्मा सारखा करत आल्या, बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा केक नाही गं, ही तर माझ्या खुर्चीतली उशी. दुकानं काय जळून गेली का? इतक्या अंड्यांत माझं वर्ष निघालं असतं!" पण दुसऱ्या वेळेला अंड्यांतलं पांढरं फेटायला त्याच बसल्या, "तुझ्या हाताला जोर नाही," असं ऐकवत.

केक जमला, तर क्रीम जमेना. तुम्हाला आमचं घर माहीतच आहे. बाहेर बर्फ आणि आत हीटरमुळे बनियनवर बसायची पाळी. क्रीम फेटलं की ढिलं पडायचं, लावलं की ओघळायचं. शेवटी सगळं उचलून काचेच्या बाल्कनीत नेलं. एका बाजूला कोबीचे गड्डे, दुसरीकडे खायला मुद्दाम गोठवून काळे केलेले सासूबाईंचे पेअर, मधे स्टुलावर केक आणि मी अंगात जाड कोट घालून फेटतेय. दार उघडलं. निंगनिंग कानटोपी घालून आली आणि कोबीला टेकून पाहू लागली. मी बरणीतले पीच काढून केकवर मांडायला लागले तशी एकदम म्हणाली, "असे नाही! आधी पुसायचे. ओली फळं ठेवली की क्रीम घसरतं, आई म्हणते." मग तिने कागदावर एकेक फोड टिपून घेतली. किवी कुठे, स्ट्रॉबेरी कुठे, मधल्या थरात फक्त पीच, क्रीम पातळ लावायचं, गुलाबबिलाब काढायचे नाहीत. तिचं तोंड थांबेना. तुम्ही केक करताना सुरी चाटता, असंही सांगितलं. नाक लालेलाल झालं होतं, तरी आत यायला तयार नव्हती. दोन वर्षांत ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती. तेवढ्यात हाइफेंग कामावरून आला, त्याच्या बुटांचा आवाज झाला आणि वाक्य अर्ध्यावर तोडून तिने सुरी खाली ठेवली. मला थंडी वाजली ती तेव्हा.

रात्रीच्या जेवणाला नूडल्स झाल्या, कागदी मुकुट झाला, वर्ष सुखाचं जावं म्हणून आजीने अंगावरून उकडलेलं अंडंही फिरवलं. मेणबत्त्यांपुढे डोळे मिटून ती इतका वेळ बसली की सासूबाई म्हणाल्या, "अख्खा बाजार मागतेयस का गं? मेण केकवर सांडतंय!" सगळे हसले. तीही हसली. पहिला तुकडा, सगळ्यात जास्त पीचवाला, तिने ताटलीत काढला, वाडगं पालथं घातलं आणि बाल्कनीत ठेवला. "उद्या खाईन."

खाल्ला नाही. परवा मी विचारलं तर म्हणाली, "मावशी, हा कुरिअरने जाईल का? दगडासारखा झालाय, वितळणार नाही." मी म्हटलं, आईच्या शियामेनला ऊन असतं गं. "माहीत आहे," म्हणाली आणि नखाने क्रीम खरवडत राहिली. मग खाली बघूनच विचारलं, "मी आईकडे राहायला गेले तर बाबांना राग येईल? आणि तुला?" मी म्हटलं, राग नाही येणार. वाईट वाटेल. "खूप?" "बऱ्यापैकी." ती जराशी हसली. आईला विचारलंस का, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "ती नाही म्हणाली तर?"

ताई, दर रविवारी तुमचा फोन येतो आणि ती हं-हं करून ठेवून देते. तुम्हाला वाटत असेल, मुलगी आता तुटली. आजी फुरंगटते, बाबा गप्प होतात, म्हणून ती सगळ्यांसमोर बोलत नाही. फोन ठेवल्यावर तो हातात धरून ती कितीतरी वेळ उभी असते, हे तुम्हाला दिसत नाही, मला दिसतं.

मी हाइफेंगला सांगितलं. एक बूट काढला होता, दुसरा पायात तसाच. तसाच स्टुलावर बसून म्हणाला, "वेनयिंगने विचारलं तर मी अडवणार नाही. पण मी आपणहून म्हणणार नाही. पोरीला वाटेल, बाप घालवतोय." सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. रोज सांगायचं ठरवते आणि भाजी निवडायला बसते.

हे पत्र त्यासाठी. तुमच्याकडे जागा किती, कामाच्या वेळा कशा, घरात आणखी कोणी आहे का, मला काही ठाऊक नाही. जमणार नसेल तर तसं तिला कारणासकट सांगा. कारण ती समजून घेते, न बोललेलं तिला सोसत नाही. पण जमत असेल तर तिच्या विचारण्याची वाट पाहू नका, तुम्हीच विचारा. रविवारी सकाळी करा फोन. सासूबाईंना घेऊन मी बाजारात जाईन, हाइफेंग कामावर असेल, ती घरात एकटी असेल. तुम्ही हो म्हणावं म्हणून मी हे लिहितेय की नाही म्हणावं म्हणून, ते माझं मलाच कळेनासं झालंय. ती शाळेतून यायच्या आत जाऊन हे टाकून येते, नाहीतर तिचा चेहरा बघून टाकणं व्हायचं नाही.

तुमचीच म्हणावं इतकी आपली ओळख नाही, तरीही तुमचीच,
रुइछिन