तांदळासारखा धुतलेला रोल

प्रिय बाई,

काल दुपारी तुझ्या फोटोंचा रोल साफ झाला. तू गेल्याला वर्ष होत आलं, आणि आता झाला. ज्या माणसावर आळ घेतला त्यालाच आधी सांगावं, म्हणून हे पत्र. तुझ्यापर्यंत पोचतं की नाही, ते मी बघत बसत नाही.

गेल्या आठवड्यात तुझी सुनंदा आरमोरीहून आली होती. वर्षश्राद्ध जवळ आलंय आणि भिंतीवर लावायला तुझा फोटो नाही. आहे तो ओळखपत्रावरचा. त्यात तू अशी दचकलेली, जणू मागून कुणी भांडं पाडलंय. "मामा, तुम्ही एवढे फोटोवाले, आन् आईचा एक फोटो नाई तुमच्यापाशी?" तिने विचारलं. मी पाणी प्यायला उठलो. फोटो होता, बाई. डब्यात होता.

तुला तो दिवस आठवतो का? तीन वर्षांपूर्वी, मोह वेचायचे दिवस. तू झाडाखाली टोपली घेऊन बसली होतीस आणि मी कॅमेऱ्याचं अंतर जुळवत होतो. "फोनमंधी काढ ना, लगेच दिसते," तू म्हणालीस. मी म्हटलं, फिल्मवर काढीन, घरी नेऊन धुईन. "मंग मी येतो तुह्यासंग पाहाले." आणि खरंच ब्रह्मपुरीच्या गाडीत येऊन बसलीस. सगळा वेळ मोहाची पिशवी मांडीवर.

अंगणात तुला स्टूल दिलं. मी आतल्या अंधाऱ्या खोलीत रोल बंद डब्यात भरून आणला, चित्र उमटवणारा डेव्हलपर बरोबर मोजून ओतला, तापमान अर्ध्या अंशाने सुद्धा हलू दिलं नाही. मग हायपो. तू त्याला 'पक्कं करायचं औषध' म्हणालीस, आणि ते अगदी बरोबर होतं. रोलवर जे चित्र झालेलं नाही ते हायपो काढून टाकतो, उरलेलं टिकतं. वापरून वापरून तो थकतो. म्हणून दर वेळी फिल्मचा एक तुकडा आधी त्यात टाकायचा, तो काचेसारखा व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं, आणि रोल त्याच्या दुप्पट वेळ ठेवायचा. हे मला कुणी शिकवलं नाही. एका फाटक्या पुस्तिकेवरून आणि स्वतःच्या चुकांवरून मी शिकलो. आणि त्याच दिवशी तुकडा टाकला नाही. तू बघत होतीस ना! माझ्या हाताला सगळं कळतं, हे तुला दाखवायचं होतं.

मग धुणं. मी डबा नळाखाली धरला, अर्धा तास धरायचा म्हणून. नळ एक दिवसाआड येत होता. तू उठून तोटी बंद केलीस.

"हे पाणी कायले सांडून राह्यला रे? तांदूळ धुतेत तसा धू. भर, हालव, फेक. मंग नवीन भर. वाहत्या पाण्यात कोणी तांदूळ धुते का?"

मी तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. दोन तांबे पाण्यात धुतला. रोल बाहेर काढला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढुरका, दुधाळ. तुझा चेहरा त्या दुधात बुडालेला. आणि मी म्हणालो, "तुझ्या दोन तांब्यांनी माझा रोल गेला."

तू हात पुसलेस, पिशवी घेतलीस आणि विचारलंस, "आरमोरीची गाडी किती वाजता हाये?"

रोल मी रागाने काळ्या डब्यात कोंबला. वहीत लिहिलं: 'बिघाड – धुण्यास पाणी अपुरे. कारण – बाई.' त्यानंतर तू पोरांची चौकशी केलीस, माझ्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या पंपांच्या मोटारींची केलीस, पण रोलचं नाव कधी काढलं नाहीस. तुला अपराधी वाटतंय, असं मी समजत होतो. मग तू तापाने गेलीस, आणि ते समजणं तसंच राहिलं.

सुनंदा गेल्यावर डबा उघडला. गुंडाळी ताठ झाली होती, पाण्यात भिजवून सोडवली. क्षणभर उजेडात धरली आणि पहिल्यांदा नीट पाहिली. बाई, कमी धुतलेला रोल दुधाळ होत नाही. तो आज चांगला दिसतो आणि वर्षांनी पिवळा पडतो. दूध राहिलं म्हणजे हायपोनेच काम केलं नाही. वीस वर्षं मोटारींचं वाइंडिंग करतो, तांब्याच्या तारेचे वेढे घालतो, एक वेढा चुकला तरी हाताला लागतो, आणि ही साधी गोष्ट मी तीन वर्षं तपासली नव्हती.

नवा हायपो केला. तुकडा टाकून पाहिला, दुप्पट वेळ धरला. चित्र कधीच उमटलं होतं, आता अंधाराचीही गरज नव्हती, भर दुपारी अंगणातच रोल बुडवला. कडेकडेने दूध विरायला लागलं. आधी टोपली आली, मग तुझे हात, मग तू. सात फोटो आहेत. पाचव्यात तू माझ्याकडे बघतेस, तोंड अर्धं उघडं, काहीतरी सुनावायच्या बेतात. रोलवर किंचित तपकिरी छटा राहिली आहे, ते लपवत नाही. पण तू आहेस. रागाने बंद डब्यात कोंबला म्हणून उजेडात काळा पडायचा वाचला, हे माझं नशीब.

धुतला कसा, विचार. भरलं, पाच वेळा पालथा-सुलटा, फेकलं. भरलं, दहा वेळा. भरलं, वीस वेळा. जाणकारही असंच धुतात, हे मी नंतर वाचलं. तेव्हा ऐकलं ते फक्त पाण्यासाठी, पटलं नव्हतं.

सुनंदाला फोन करून सगळं कबूल केलं. ती हसायलाच लागली.

"मामा, आईले माहीत होतं. घरी येताच म्हने, माह्या पान्यानं नाई गेला त्याचा रोल. तांदळाच्या धोवनाचं पांढरं बोटाले लागते, हे तं आतूनच पांढरं होतं. औषधच शिळं असन त्याचं."

"मग मला का नाही सांगितलं तिने?"

"म्हने, सोताच शिकला ना तो, सोताच शोधन. मी सांगतलं तं आठ दिवस रुसून बसन."

फोन ठेवून मी स्टुलावर बसलो. तुझ्याच. मी तीन वर्षं तुझ्या अपराधाचं ओझं वाहत होतो, आणि ते तुझ्यापाशी कधी नव्हतंच. किती हलकं वाटलं, काय सांगू. तरी एकदा बोलायचं होतंस, बाई. रुसलो असतो, पण आठच दिवस.

वर्षश्राद्धाला पाचवा फोटो मोठा करून स्वतः घेऊन येतो, सुनंदाच्या भिंतीवर खिळा मीच ठोकीन. वहीतली ती ओळ खोडली आहे, वाचता येईल अशी, एका रेघेने. खाली लिहिलंय: 'कारण – हायपो थकलेला. तपासला नाही. रमेश.' आणि यापुढे काही बिघडलं, तर आधी माझं औषध तपासीन, मग माणसाकडे बघीन. हा शब्द तुला.

तुझा लहान भाऊ,
रमेश