दहापैकी दहा

५ ऑक्टोबर
आले एकदाची! उत्रेख्त शहराचा गोंगाट सुटला. हॉलंडच्या उत्तर टोकाला, फ्रीसलंडमधलं हे गाव एवढंसं, पण खिडकीखालीच कालवा आहे, आणि त्यातली बदकं अशी कचाकचा भांडतात की शेजाराची उणीव भासणार नाही. डोळ्यांच्या दवाखान्यातलं काम सोपं आहे. मोतीबिंदू काढून लेन्स बसवलेल्या पेशंटांच्या घरी जायचं, कसं दिसतंय ते विचारायचं आणि समाधानाला दहापैकी गुण मागायचे. डॉक्टर वीर्दा म्हणाले, कॉफी पाजल्याशिवाय कुणी सोडणार नाही. पाजतील, पण बिस्किट एकच देऊन डबा बंद करतील, हे मी जन्मभर पाहिलंय.

९ ऑक्टोबर
सगळे दहा देतात. आम्हा डच लोकांत दहा कोण देतं? शाळेत मास्तर म्हणायचे, दहा देवाचे, नऊ माझे, तुम्हाला आठ खूप झाले. इथे दिव्यांभोवती वलयं दिसतात, वाचायला चष्मा लागतोच, अशी कुरकुर करूनही लोक दहा देतात. आणखी एक. या सगळ्यांच्या घरी भर दुपारी पडदे ओढलेले असतात. आम्ही डच म्हणजे रस्त्याला दिवाणखाना दाखवणारी माणसं. पडदे ओढले की शेजारी कुजबुजतात, काहीतरी लपवताहेत म्हणून.

१४ ऑक्टोबर
आज माझ्या यादीतल्या चित्स्केबाईंनी सांगून टाकलं. ऐंशी वर्षांची बाई, पण लाजत होती नव्या नवरीसारखी. नव्या डोळ्याने त्यांना त्यांचा नवरा खेर्लोफ दिसतो. तो जाऊन बरीच वर्षं झाली. मी हसले, तर म्हणाल्या, "हस बाई, हस. तुझंही कुणी गेलं असेलच की!"
घरी येऊन पोटभर रडले. माझी लेक फेना सहा वर्षांची होती. मेंदूज्वराने गेली. आज छत्तीस वर्षांची असती.

२१ ऑक्टोबर
माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होताच. आमच्याच दवाखान्यात काढून लेन्स बसवून घेतली. काल पट्टी निघाली. पांढरं इतकं पांढरं असतं, हे विसरलेच होते.

२३ ऑक्टोबर
फेना आली. पिवळा स्वेटर घालून जिन्याशी उभी होती. गुडघ्यावरची खपलीसुद्धा स्पष्ट दिसली. पण तिचे डोळे पांढरे आहेत, पूर्ण पिकलेल्या मोतीबिंदूसारखे. खुर्च्या चाचपत मला शोधत होती. मी किती हाका मारल्या, तिला ऐकू जात नाही. मिठी मारायला गेले तर हात रिकामेच आले. मग ती खिडकीकडे गेली आणि काचेला कपाळ टेकून उभी राहिली. ऊन गेलं तेव्हा कुठे मागे वळली.

२४ ऑक्टोबर
चित्स्केबाई माझ्यावर खेकसल्याच. वेडे, पडदे उघडे ठेवलेस? नशीब तुझं, ऊन गेलं. या गेलेल्यांना फक्त दिवसाचा उजेड कळतो. उजेडाच्या मागे निघून जातात, आणि गेले की पुन्हा येत नाहीत. शेजारच्या वीबेने ऐकलं नाही, त्याची परत आलेली बायको त्याच्यादेखत उजेडात निघून गेली.
घरी येऊन सगळे पडदे ओढले. फटींत टॉवेल कोंबले.

२६ ऑक्टोबर
फेनाला अंधाराची भीती वाटते. जिवंत होती तेव्हा तिच्या उशाशी दिवा असायचा. आता दिवा लावला तरी तिला तो कळत नाही, कोपऱ्यात अंग चोरून बसलीय. तोंड उघडं आहे, आवाज नाही. ओठ कळतात मला. आई म्हणतेय. मी तिच्या शेजारीच —
म्हणजे त्या प्रत्येक घरात कुणीतरी असंच —
चित्स्केबाई म्हणतात, सवय होते. कुणाला?

२७ ऑक्टोबर
उजवा डोळा मिटला की ती दिसत नाही. पण रडतेय हे माहीत असतं.
दवाखान्यातून फोन आला. मी किती गुण देते, विचारत होते. मी दहा म्हणाले. खोटं बोलले नाही. देवा, तिच्या पापण्यांचे केससुद्धा मोजता येतात —

२८ ऑक्टोबर
बाहेर लख्ख ऊन आहे. पडद्याची कड एका हातात धरून लिहितेय. उघडला तर ती जाईल. नाही उघडला तर —
बोटभर फट केली. तिचं रडं थांबलं. तोंड इकडे वळलं.
हसली. माझं पोर हसलं —
उठलीय. येतेय. अजून थोडाच उघडते, एकदाच नीट तोंड बघते आणि लगेच बं