लॅपटॉपची पूजा आणि दाजींची कंबर

रहाटणी,
शनिवार

ती. साहेबराव दाजींना ज्योतीरामचा वाकून नमस्कार, आणि सुमनताईला तिच्या वाट्याचा वेगळा. इकडे मी आणि विजयश्री दोघं बरे आहोत. तुमची कंबर कशी आहे? तिला काहीही झालेलं नाही हे मला ठाऊक आहे, तरी विचारणं भाग आहे. सोबतच्या तेलाच्या बाटलीचा खुलासाही त्यातच येईल. फोनच करणार होतो, पण ताई फोन स्पीकरवर टाकते आणि माझी फजिती अख्ख्या उदगीरला ऐकू जाते.

तर विषय लॅपटॉपचा. काळेवाडीच्या इकबालभाईंकडून मी जुना लॅपटॉप घेतला, हे तुम्ही जाणताच. त्यांचं काम पाहूनच तुम्ही तुमच्या अभ्यासिकेसाठी सहा लॅपटॉप त्यांना सांगितले होते. त्यांनी माझ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं (जुन्या मशीनला ते झेपतं). चाकणला आमच्या कंपनीत दिवाळीनंतर प्रेस शॉपचे तपासणीचे रिपोर्ट कागदाऐवजी कॉम्प्युटरवर भरायचे आहेत, म्हणून मी घरी सराव करत होतो. (तपासनीस होण्याआधी एकवीस वर्षं मी त्याच शॉपमध्ये पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काढली. दोन्ही अंगठ्यांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय ती प्रेस खाली येत नाही, म्हणून माझी दहाही बोटं जागेवर आहेत. डोक्यासाठी कंपनीने अशी काही सोय केलेली नाही.)

दसऱ्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. एफ-दोन दाबलं की चौकटीतला आकडा दुरुस्त करता यायचा. दसऱ्यानंतर एफ-दोन दाबलं की आवाज कमी व्हायला लागला. एफ-पाच दाबलं तर पडद्यावर अंधार. एफ-आठ दाबलं तर विमानाचं चित्र आलं आणि इंटरनेट बंद. मी इंटरनेटवाल्याला बोलावलं, तक्रारीत काही दम आहे असं वाटावं म्हणून जरा आवाज चढवूनच. त्या बिचाऱ्याने जिन्यापासूनची वायर बदलली आणि जाता जाता त्याच बटणावर बोट ठेवून विमान उतरवलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग मी स्वतः शोध लावायला बसलो. नेटवर एका गृहस्थाने बारा वर्षांपूर्वी हीच तक्रार मांडली होती आणि खाली स्वतःच लिहिलं होतं, ‘सुटलं, धन्यवाद.’ कसं सुटलं, ते गुपित त्याने पोटातच ठेवलं. दुसऱ्या कोणीतरी काळ्या खिडकीत चार ओळी टाइप करायला सांगितल्या होत्या. मी भक्तिभावाने केल्या. एफ-दोन होतं तसंच राहिलं, घड्याळ मात्र साडेपाच तास मागे गेलं.

शेवटी कंपनीच्या पद्धतीने ‘का-का’चा तक्ता मांडला. दोष सापडला की पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे मूळ कारण हाती लागतं. एफ-दोन आवाज का कमी करतं? लिनक्स आहे म्हणून. लिनक्स का? इकबालभाईंनी घातलं म्हणून. त्यांनी का घातलं? मशीन जुनं म्हणून. जुनं का? ज्योतीरामने हट्टाने जुनंच मागितलं म्हणून. इथे मी पेन खाली ठेवलं. दोषाचं कारण आपल्या दिशेने यायला लागलं की मागे जाऊन दुसऱ्या ‘का’वरच तक्ता बंद करायचा, हे मी कंपनीतच शिकलोय. दोष इकबालभाईंचा ठरला, आणि मी तुम्हाला फोन करून सांगितलं की माणूस बिघडलेला माल गळ्यात मारतो, सहाच्या सहा रद्द करा. तुम्ही माझ्या शब्दावर रद्द केलेत. (लग्नापासून आजवर तुम्ही माझा ऐकलेला हा पहिलाच शब्द. तोही चुकीचा निघावा!)

परवा लॅपटॉप बगलेत मारून भांडायलाच काळेवाडीला गेलो. इकबालभाईंनी चहा सांगितला आणि माझं भाषण चालू असतानाच ब्रश घेऊन बटणं साफ करायला लागले. डावीकडच्या वरच्या बटणावर, एस्केपवर, वाळलेलं कुंकू होतं. खालच्या एफ-एन लिहिलेल्या बटणावरही. वरचं कुंकू निघालं आणि खाली कुलपाचं इवलंसं चित्र दिसलं.

“भाऊ, हे दोन एकदम दाबले की वरच्या सगळ्या बटणांचं काम फिरतं. कुणीतरी दाबलेत,” ते म्हणाले. त्यांनी दाबून दाखवलं आणि एफ-दोन गुणी लेकरासारखं वागायला लागलं.

आता दाजी, खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात, तसं विजयश्रीने लॅपटॉपला ओलं कुंकू लावताना दोन्ही अंगठे एकदम टेकवले असणार. बायकांच्या श्रद्धेला काय म्हणायचं! इकबालभाईंनी एक पैसा घेतला नाही. म्हणाले, “पूजेचं काय बिल लावायचं, राव?” आणि मग विचारलं, “तुमच्या दाजींनी ऑर्डर रद्द केली. तब्येत बरी आहे ना त्यांची? मी सहाही तयार करून ठेवले होते.” मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. तोंडातून निघून गेलं, “कंबर धरलीय त्यांची.” ते उठून आत गेले आणि त्यांच्या बायकोने, झुलेखाभाभींनी, घरी बनवलेलं तेल घेऊन आले. तीच ही बाटली.

तुमचा,
ज्योतीराम

ता.क. खरं काम हेच: सहा लॅपटॉपची ऑर्डर परत द्या, दिवाळीआधी. फोनवर त्यांच्याशी बोलताना जरा कण्हा.

ता.क. २. विजयश्रीने पत्र वाचलं. ती म्हणते, “मी आयुष्यात प्रेस मशीन पाहिलेलं नाही. दोन्ही अंगठे एकदम दाबायची खोड या घरात कुणाला आहे, ते दाजींना लिहा.” लिहितो. मला आहे. पूजा मीच केली होती.

ता.क. ३. रविवार. पाकीट बंद करवेना, म्हणून सकाळी बाटली घेऊन काळेवाडीला जाऊन आलो. कुंकू, तक्ता, तुम्हाला केलेला फोन, सगळं सांगितलं. इकबालभाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे दाजींची कंबर ठीक आहे ना?” बाटली परत घेतली नाही.