घटपर्णीचा घास

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई आणि मी खुशाल, फक्त बाबांची किडेखाऊ घटपर्णी खुशाल नाही. ते गेल्यावरही न्हाणीघराच्या खिडकीत ती मजेत होती. आता पानं काळी, मऊ पडून सडताहेत आणि टोकाला लोंबणारे घट कुजून गळताहेत. वास असा, की आंघोळ करून माणूस जास्तच मळून बाहेर यावा! आई दहादा जाऊन बघते. झाड गेलं तर ती हाय खाईल. रोपवाटिकेत तू दुनियेच्या झाडांवर इलाज करतेस, घरचं मात्र वाऱ्यावर! उपाय कळव, आणि सोबत थोडी माया.

तुझा धाकटा

दि. ११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

टोमणा पोचला. स्वच्छ ब्लेडने सडका भाग काप, थोडं हिरवंही जाऊ दे. खिडकी उघडी ठेव, पानांवर पाणी मारू नकोस. पण मला वेगळीच शंका येते. या झाडाला एखादा किडा पुष्कळ झाला. जास्त पडलं की घट कुजतो आणि सड पानात चढते. एक घट उलटा करून बघ. जे निघेल त्यावरून आईला बोलू नकोस. जिवाला जपा दोघं.

तुझी ताई

दि. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उकडलेलं अंडं निघालं, झाडून सगळ्या घटांतून! तू बजावूनही मी तडकलोच. आईचं म्हणणं, जो तोंड उघडून बसलाय त्याला उपाशी कसं ठेवायचं? आता ते बंद केलं. पानं कापली, सड थांबली. आई मात्र नुसती खिडकीशी जाऊन उभी राहते. तिला त्रास नको म्हणून बाबा गेल्यापासून मी दोन्ही वेळचं आमच्या छापखान्याच्या कँटीनमध्येच उरकतो, तरी तिचं मन कशात लागत नाही. तूच सांग काय करू.

तुझा धाकटा

दि. २६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शहाण्या, तिला त्रास हवा आहे. घरी जेव. रागावले असले तरी तुझीच.

ताई

दि. ३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कँटीनला रामराम ठोकला. पहिल्याच दिवशी आईने मला अंडं वाढलं. तुझं कुठे, विचारलं, तर म्हणाली, सवय मोडली. खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, की एकटीला घास गिळवत नाही, म्हणून स्वतःच्या ताटातलं ती झाडाला घालायची.

मला वाटत होतं, उरलंसुरलं घालते. एकेक पान मी डोळ्यांत तेल घालून तपासत होतो गं, आणि आई एवढी खंगलेली मला दिसली नाही. फार लाज वाटली.

झाडाला नवं पान फुटतंय. आई काल अर्धी पोळी आणि अर्धं अंडं जेवली. तिचं होईपर्यंत मी ताटावरून उठलो नाही. तू सुट्टी काढून ये, तिसरं ताट मांडायला ती टपून बसली आहे.

तुझा धाकटा